पुरावा नसताना कळवावे का?

प्रश्न : मी धनकवडीत घरी शिकवण्या घेते. माझ्याकडे येणारी नऊ वर्षांची एक मुलगी महिनाभर फार गप्प असते. परवा घरी जायची वेळ झाली तेव्हा ती रडू लागली आणि ‘काका रात्री माझ्याजवळ येऊन झोपतात, मला नाही आवडत’ एवढेच म्हणाली. काका मुलीच्याच घरी राहतात. माझ्याजवळ पुरावा नाही. आधी तिच्या आईशी बोलावे का? शंका चुकीची ठरली तर?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, मुलीचे शब्द तुम्ही जसेच्या तसे सांगितलेत, हे फार मोलाचे आहे. तारीख-वेळ घालून ते वहीत उतरवून ठेवा. त्यात आपला अर्थ मिसळू नका.

पुरावा शोधणे हे पोलिसांचे काम आहे, तुमचे नव्हे. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार, बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ठाऊक असलेल्याच नव्हे, तर तो होण्याची भीती वाटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने ते स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. घडलेला गुन्हा न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सद्हेतूने दिलेली माहिती पुढे चुकीची ठरली, तरी देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही.

आईशी आधी बोलावेसे वाटणे स्वाभाविक आहे, कारण दुसऱ्याच्या घरात लक्ष घालू नये असेच आपण ऐकत आलो आहोत. आई कदाचित लेकीच्या पाठीशी ठाम उभी राहील; पण अब्रूच्या धाकाने घरच्यांनी मुलीला गप्प बसवले आणि शिकवणी बंद केली, तर तिला मन मोकळे करायला उरलेली एकमेव जागाही जाईल. ही जोखीम पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

1098 या बालकांसाठीच्या मोफत क्रमांकावर किंवा तातडी असल्यास 112 वर फोन करा, अथवा जवळच्या ठाण्यात जा. मुलीला ठाण्यात खेटे घालावे लागतील ही धास्ती अनेकांना मागे खेचते, म्हणून सांगते : तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तिला रात्री ठाण्यात थांबवून घेता येत नाही. प्रकरण 24 तासांत बाल कल्याण समितीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे आणि तिची ओळख उघड करण्यास प्रसारमाध्यमांना मनाई आहे.

ती पुन्हा काही बोलली तर शांतपणे ऐका, खोदून विचारू नका आणि ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. ‘तू सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझी चूक नाही’ एवढे म्हणा. फोन मात्र आजच करा. आज रात्रीही ती त्याच घरात असणार आहे.