स्वातंत्र्याची क्रमवारी बघ, पण आधी व्हिसाच्या अटी वाच

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. 'कुठे चाललीस, किती वाजता येणार' हे विचारायला कुणी नसेल, अशा देशात मास्टर्स करून नोकरी करायची आहे. स्वातंत्र्याच्या जागतिक क्रमवाऱ्या बघून जर्मनी, कॅनडा, सिंगापूर आणि दुबईचा तक्ता केलाय. काका दुबईत आहेत, त्यामुळे घरच्यांचा ओढा तिकडे. क्रमवारीवर कितपत विसंबावं?
– एक विद्यार्थिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तक्ता फाडू नकोस, पण निर्णय त्याच्यावर घेऊ नकोस. फ्रीडम हाउस ही अमेरिकन संस्था प्रत्येक देशाला स्वातंत्र्यासाठी गुण देते. तिच्या १०० गुणांपैकी ४० राजकीय हक्कांचे असतात: निवडणुका, पक्ष, कारभार. परदेशी विद्यार्थिनीला तिथे मतदान नाहीच, म्हणजे हे गुण तुझ्या फारसे कामाचे नाहीत. उरलेले ६० नागरी स्वातंत्र्याचे. तुझा प्रश्न त्यातल्या शेवटच्या, 'जी' या १६ गुणांच्या गटात बसतो: राहण्याची जागा, नोकरी, शिक्षण बदलता येतं का, जोडीदार, पेहराव यांचा निर्णय आपला असतो का. प्रत्येक देशाच्या अहवालात या गटाखाली कारणं दिलेली असतात. एकूण आकडा सोड, ती कारणं वाच. केटो आणि फ्रेझर या संस्थांच्या निर्देशांकात आर्थिक स्वातंत्र्यही मिसळलेलं असतं, म्हणून सिंगापूर तिथे तुलनेनं वर दिसतं आणि फ्रीडम हाउसकडे १०० पैकी पन्नासहून कमी गुणांवर अडकतं.

रात्री एकटीनं निर्धास्त फिरणं हेही स्वातंत्र्यच, आणि त्यात सिंगापूर गॅलप या संस्थेच्या जागतिक पाहणीत सतत आघाडीवर असतं. पण तिथेच सभा-निदर्शनात परदेशी माणसाला परवान्याशिवाय भाग घेता येत नाही. दुबईतही मुलींना रात्री सुरक्षित वाटतं. मात्र दुसऱ्याचा फोटो न विचारता टाकणं गुन्हा ठरू शकतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून घरी साधा कॉल लागत नाही. यातलं काय चालेल आणि काय नाही, हे तुझं तूच ठरव.

आता मुख्य मुद्दा. तिथे तुझं राहणं कुणाच्या हातात असेल? सिंगापूरचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीचा परवाना, कंपनीशी बांधलेला असतो. नोकरी गेली की दुसरी शोधायला साधारण ३० दिवस. अशा वेळी साहेब रविवारी बोलावतो तेव्हा 'नाही' म्हणायला जीभ वळत नाही. क्रमवारीत हे कुठेच दिसणार नाही. कॅनडात पदवीनंतर मिळणारा वर्क परमिट जास्तीत जास्त ३ वर्षांचा, आणि कुठल्याही कंपनीत चालणारा. पण तो आयुष्यात एकदाच मिळतो. शिवाय शिकताना कॉलेज बदलायचं तर आता नवा स्टडी परमिट लागतो, म्हणून एजंटनं सुचवलेल्या 'आधी कुठलंही कॉलेज घे, मग बदल' या वाटेला जाऊ नकोस. जर्मनीत शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, आणि त्या काळात कुठलंही काम चालतं. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर, पहिले १२ महिने कंपनी बदलताना परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं, पुढे मोकळीक.

जर्मनीत मुलं ठेच खातात ती घराच्या पत्त्यावर. नव्या घरात गेल्यावर २ आठवड्यांत नोंदणी करावी लागते, त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. स्वस्त खोली देणारे काही जण पत्र द्यायला नकार देतात. मग टॅक्स नंबर अडतो, रेसिडेन्स परमिट अडतो, बँकेचं कामही लोंबकळतं. पत्र देणार का, हे डिपॉझिट भरण्याआधी लेखी विचारायचं.

म्हणून नवा तक्ता कर. प्रत्येक देशासाठी तीन रकाने: शिकताना, नोकरी शोधताना, नोकरीत. प्रत्येकात लिही: माझा व्हिसा कुणामुळे रद्द होऊ शकतो, झाल्यास किती दिवस मिळतात, कंपनी किंवा कोर्स बदलायला कुणाला विचारावं लागतं, कुणाबरोबर राहायचं यावर कायद्याचं बंधन आहे का. उत्तरं त्या-त्या सरकारच्या इमिग्रेशन संकेतस्थळावरून काढ, शेजारी तारीख टाक. हे नियम दर वर्षी हलतात. कॉलेज रोडवरच्या एजंटाकडे जाणार असशील तर हा कागद घेऊन जा. त्याला अ‍ॅडमिशनचं कमिशन मिळतं, तुझ्या मोकळेपणाचं नाही.

आणखी एक रकाना पैशांचा. शैक्षणिक कर्जात आई किंवा बाबा सहकर्जदार असतात, मोठ्या रकमेला बरेचदा घर तारण द्यावं लागतं. हप्ते त्यांच्या डोक्यावर असतील तर 'परत ये' या फोनला वजन राहणारच, तू म्युनिकमध्ये अस नाहीतर टोरंटोत. कर्ज कमी ठेवायचं तर जर्मनीची बहुतेक सरकारी विद्यापीठं सोयीची, कारण ट्यूशन फी नसते. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र भारतीयांना सत्राला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२च काढता येतात. अर्जाआधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुझी शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं, त्याची फी १८,००० रुपये. त्याला वेळ लागतो, तेव्हा मार्कशीट हातात आल्या की लगेच अर्ज टाक.