पाट खोल केला, तरी वाळू का साचते?

प्रश्न : पांझरा नदीवरच्या बंधाऱ्यातून निघणारा आमचा पाट दर पावसाळ्यात बारीक वाळूने भरतो. पाणी ६० सेंमी चालतं, पुढे दगडी उंबरठा (तळाशी आडवी बसवलेली दगडी पट्टी) आहे. गेल्या वर्षी वाळू काढताना जेसीबीने तळ आणखी ३० सेंमी उकरला. यंदा तिथेच जास्त साचली. चुकलं कुठे? (एक वाचक, साक्री तालुका)

उत्तर : उकरण्यातच. तळ खाली गेला, पण पाण्याची पातळी उंबरठ्याने धरून ठेवली. पाणी तेवढंच, वाट दीडपट. म्हणजे सेकंदाला ४५ सेंमीचा वेग ३० वर आला. वाळू वाहण्याची ताकद ढोबळमानाने वेगाच्या पाचव्या घाताने बदलते, त्यामुळे ती जेमतेम आठवा हिस्सा उरली. तळ पुन्हा जुन्या पातळीला येईपर्यंत वाळू तिथे बसतच राहणार. पंजाबातल्या अप्पर बारी दोआब कालव्यावर इंजिनिअर केनेडींनी १८९५ साली मांडलेलं, पाटात काही साचू नये म्हणून किती वेग लागतो याचं सूत्र लावलं, तर ६० सेंमी खोलीला सुमारे ४० सेंमी वेग पुरतो, ९० सेंमीला ५१ लागतो. जुना पाट बरोबरच होता.

वाळू आणि गाळ एकच समजू नका. ०.२ मिमीचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला सुमारे २.३ सेंमी खाली जातो. ३० सेंमी खोल बादलीत पाटाचं पाणी घ्या : पंधराएक सेकंदांत तळाशी बसते ती वाळू, तासन्‌तास गढूळ राहतो तो गाळ. वाहत्या पाण्यातही ही वाळू तळालगत दाट असते. काही घरंगळते, काही उड्या मारते, काही भोवऱ्यांबरोबर वर येते.

म्हणून तिला तोंडाशीच अडवा. पाटाचं तोंड नदीच्या वळणाच्या बाहेरच्या काठाला असावं. आतल्या काठाला वाळूच येते. तोंडाशी उंबरठा उंच ठेवा, म्हणजे वरचं पाणी आत येईल. ऐन पुरात तोंड बंद आणि बंधाऱ्याची वाळूमोरी (तळाची वाळू नदीत सोडणारी मोरी) उघडी. (नेमकं उलटं केलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं.)

तरीही आलेल्या वाळूसाठी तोंडामागे हौद. पाट दीड मीटर रुंद धरला तर पाणी सेकंदाला ४०० लिटर. २.७ मीटर रुंद आणि १ मीटर खोल पाण्याच्या हौदात वेग १५ सेंमीवर येतो. हिशोबाने साडेसहा मीटर लांबी पुरते, पण भोवरे कण उचलत राहतात, म्हणून १३ मीटर ठेवा. वाळूसाठी खाली ४० सेंमी जागा आणि नदीकडे धुऊन काढायची मोरी हवीच. ती नसेल तर हौद भरतो आणि वाळू पुन्हा पाटात.

उकरलेला भाग मात्र मुद्दाम भरू नका, तो आपोआप भरतोय. पुढच्या वेळी वरच्या आणि खालच्या उंबरठ्यामध्ये लेव्हल लावून तेवढंच काढा.