भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीला भोक न पाडता पडदे, आरसा, रॅक कसं लावायचं?

तुमचं म्हणणं असं की ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट आहे, मालकांनी ड्रिल लावायचं नाही म्हणून बजावलंय, आणि पडदे, आरसा, किचनचं सामान, दाराचं तोरण हे सगळं असं लावायचंय की घर सोडताना काढून सोबत नेता आलं पाहिजे. मी ९ वर्षांत ५ घरं बदलली, चार पुण्यात आणि आत्ताचं ठाण्यात, त्यामुळे यातलं बरंच करून बघितलंय.

काहीही ऑर्डर करायच्या आधी भिंतीवरून तळहात फिरवा. हाताला पांढरी पावडर लागली तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे, आणि त्यावर चिकटवायचा कुठलाच हुक लावू नका, कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी. गम रंगाला घट्ट धरतो हो, पण रंगानेच भिंत धरलेली नसते. आमच्या दुसऱ्या घरात मी हॉलमध्ये चिकटवायची फळी लावली होती, त्यावर मुलीची गोष्टींची पुस्तकं. तीन आठवडे छान राहिली आणि एका रात्री दोन वाजता धाडकन खाली. उचलून बघितलं तर मागच्या टेपला तळहाताएवढा रंगाचा पापुद्रा चिकटलेला, वर क्रीम, त्याच्याखाली फिकट हिरवा, त्याच्याखाली चुना, म्हणजे आमच्या आधीच्या सगळ्या भाडेकरूंचे रंग एकावर एक. टेप अजूनही इतकी घट्ट होती की नखाने निघेना. मालकांनी डिपॉझिटमधून अख्ख्या भिंतीच्या रंगाचे पैसे कापले, तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

आणि फळीचा अजून एक प्रॉब्लेम असतो जो दुकानदार सांगत नाही. टिकली आरशावर लावलेली असते ना, ती खाली सरकवायला गेलं तर हलत नाही पण वरची कड उचलली की लगेच निघते, तसंच हे आहे. भिंतीला चपटं टेकलेलं कॅलेंडर किंवा हलकी फ्रेम गमला झेपते, पण फळी जितकी पुढे येते तितकं तिच्यावरचं वजन वरची कड भिंतीपासून ओढत राहतं. म्हणून पाकिटावर ३ किलो लिहिलं असलं तरी फळीच्या बाबतीत त्यावर विसंबू नका.

मी आता काय करते, तर भिंत सोडून घरात आधीच जे मजबूत आहे त्याचा आधार घेते. आपल्याकडे बऱ्याच फ्लॅटमध्ये खिडकीच्या कोनाड्याला चारही बाजूंनी ग्रॅनाइट किंवा मार्बलची पट्टी असते, तिथे स्प्रिंगची दांडी म्हणजे टेन्शन रॉड अगदी घट्ट बसतो. माप घेताना कोनाड्याच्या आतून आत घ्या आणि जिथे दांडी बसणार त्याच उंचीवर घ्या, कारण दोन्ही बाजू वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर असतीलच असं नाही, आमच्याकडे पाऊण इंचाचा फरक निघाला होता. रॉड असा घ्या की तुमचं माप त्याच्या कमीत कमी आणि जास्तीत जास्त लांबीच्या मधे कुठेतरी येईल, पूर्ण ताणलेला रॉड मधे वाकतो. ५ फुटांच्या पुढच्या खिडकीला जाड ब्लॅकआउट पडदे याच्यावर टाकू नका. मी जुन्या कॉटनच्या साड्यांचे पडदे शिवून घेतलेत, ते हलके असतात आणि तीन घरांत तेच चाललेत.

लोखंडी कपाट असेल तर त्याची बाजू म्हणजे तुमची हक्काची भिंत. मॅग्नेटचे हुक घ्या, पिशव्या, छत्र्या, किल्ल्या सगळं तिथे जातं. फक्त मॅग्नेट सरळ ओढला तर निघत नाही पण वजनाने खाली सरकतो, त्यामुळे रबर लावलेला घ्या आणि लिहिलेल्या वजनाच्या बरंच खाली राहा. खिडकीच्या ग्रिलला एस हुक आणि केबल टायने कुंड्या टांगता येतात, पण त्या ग्रिलच्या आतल्या बाजूला, खाली कोणाच्या डोक्यात पडायला नको.

चिकटवायचंच असेल तर किचन-बाथरूमच्या टाइल्सवर चिकटवा. फोडणीचा तेलकट थर भांड्याच्या साबणाने धुवा, वाळल्यावर स्पिरिटने पुसा, दोन टाइल्सच्या सांध्यावर येऊ देऊ नका, आणि लावल्यावर एक दिवस काही अडकवू नका. काढताना खाली पट्टी लोंबते तो प्रकार असेल तर ती भिंतीला लागून सरळ खाली, अगदी सावकाश ओढायची. ती च्युइंगगमसारखी हातभर लांब होते आणि सुटते, स्वतःकडे ओढली तर तुटून मागे राहते. हुक परत वापरता येतो, पट्टी मात्र नवीन लागते. साधी डबल टेप असेल तर हेअर ड्रायरने गरम करून मागून दोरा करवतीसारखा फिरवा, उरलेला चिकटा खोबरेल तेलाने निघतो, पण तेल फक्त टाइल्सवर, रंगाच्या भिंतीवर डाग पडतो.

डब्यांसाठी वगैरे स्लॉटेड अँगलचं नट-बोल्टचं रॅक घ्या, जड डबे खालच्या कप्प्यात. मोठा आरसा जमिनीवर ठेवून कपाटाच्या बाजूला टेकवा, खाली रबराची पट्टी. मच्छरजाळी वेल्क्रोची चालते, पण पुढच्या घरी खिडकीचं माप जुळलं तरच. जमीन ते सिलिंग असा स्प्रिंगचा खांब मिळतो, तो पीओपीच्या फॉल्स सिलिंगखाली चुकूनही लावू नका, सिलिंगला तडा जातो.

टीव्ही किंवा झोपाळ्यासाठी मालकांशी बोला, त्यांचा होकार व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. ६ एमएमचं भोक पुट्टीने बुजतं, सोललेली भिंत नाही बुजत, हे मी आमच्या आत्ताच्या मालकांना फोटो दाखवून पटवलं आणि त्यांनी चार भोकांना परवानगी दिली.

आता तोरण. रोजच्या मण्यांच्या तोरणाला दोन छोटे हुक पुरतात, पण दसऱ्याचं झेंडूचं तोरण ओलं असतं, चांगलं जड होतं, आमचे हुक दुपारपर्यंत सुटले होते. तेव्हापासून दाराच्या चौकटीत बाहेरच्या बाजूला ३ फुटी बारीक टेन्शन रॉड अडकवते आणि तोरण त्यालाच बांधते, आधी दार आणि सेफ्टी डोअर दोन्ही उघडून-मिटून बघा, रॉडला लागत नाहीत ना.