वडील शुद्धीवर होते, मग सही तुमची का?

तुमच्या पत्रातली हकिकत थोडक्यात अशी: वडील ६८ वर्षांचे. ठरवून अँजिओग्राफीला, म्हणजे हृदयाच्या धमन्यांच्या तपासणीला नेलं. अर्ध्या तासानं तुम्हाला कॅथलॅबच्या (ही तपासणी होते त्या खोलीच्या) दाराशी बोलावून ‘ब्लॉकेज आहे, आत्ताच स्टेंट टाकतो’ म्हणत सही घेतली. तो स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकताना धमनीला छिद्र पडलं, हृदयाच्या आवरणात रक्त साचलं, ते नळीनं काढावं लागलं. नऊ दिवस आयसीयू, बिल पावणेसहा लाख. वडील आता घरी आहेत. तुम्हाला डॉक्टरांवर फौजदारी करायची आहे.

त्या वाटेला जाऊ नका. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, की फौजदारीसाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो, शिवाय दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत हातात हवं. धमनीला छिद्र पडणं क्वचितच घडतं, पण कुशल डॉक्टरच्या हातूनही घडतं; कॅल्शियम साचून टणक झालेल्या धमनीत धोका जास्त. नुसत्या छिद्रावर ग्राहक आयोगातही तक्रार टिकणार नाही. त्यानंतर काय झालं ते पाहायचं: बीपी कधी उतरलं, इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी केला, रक्त किती वेळानं काढलं. उशीर दिसला, तर मुद्दा आहे.

मला मात्र तुमची सही जास्त खटकते. अँजिओग्राफीत रुग्ण सहसा शुद्धीवर असतो. मग वडिलांना का विचारलं नाही? सर्वोच्च न्यायालयाच्याच समीरा कोहली निकालानुसार (२००८) तपासणीची संमती उपचाराला चालत नाही, आणि सज्ञान रुग्णाऐवजी नातेवाइकाची सहीही नाही. अपवाद फक्त जीव वाचवण्याच्या तातडीचा, आणि तुमची तारीख तर आधीच ठरलेली होती. समीरा कोहली खटल्यात डॉक्टरांची फी बुडाली, वर भरपाई मिळाली ती २५,००० रुपये. कोटींच्या आशेनं येऊ नका.

पण डॉक्टरांना एक पळवाट आहे. दाखल होताना वडिलांकडून ‘अँजिओग्राफी, गरज पडल्यास अँजिओप्लास्टी (म्हणजे स्टेंट टाकणं)’ अशा एकत्रित फॉर्मवर सही घेतली असेल, तर हा मुद्दा जवळजवळ संपतो. गर्दीत तो कागद कोणी वाचत नाही, मीही माझ्या आईच्या वेळी वाचला नव्हता.

म्हणून आधी लेखी अर्ज करून सगळे इनडोअर पेपर (दाखल असतानाच्या उपचारांचे कागद), संमतीपत्रं आणि प्रोसिजरची सीडी मागा. अर्जाची पोच घ्या. ७२ तासांत कागद देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षं, जिल्हा आयोगाची फी तुमच्या बिलाच्या रकमेला २०० रुपये. तो फॉर्म हाती आला की नोटीस काढण्याआधी मला दाखवा.