गोळी घेऊनही संध्याकाळी नाक का चोंदतं?

तुमचा प्रश्न असा: दिवाळीआधी माळा झाडला की शिंका सुरू होतात. सेटिरिझिन या ॲलर्जीच्या गोळीने त्या थांबतात, पण संध्याकाळी नाक चोंदतंच. मग गोळी कुचकामी आहे का?

नाही. गोळी हिस्टामिनला, म्हणजे शिंका आणि खाज आणणाऱ्या रसायनाला, अडवते, पण संध्याकाळच्या चोंदण्यात हिस्टामिनचा वाटा थोडाच असतो. मी कॉलेजात हाच विषय शिकवते आणि धुळीचा त्रास मलाही लहानपणापासून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुन्या गाद्या-गोधड्यांत डोळ्यांना न दिसणारे माइट नावाचे बारीक जीव असतात. त्यांच्या विष्ठेतलं एक प्रथिन नाकाच्या अस्तरातल्या पेशींमधले सांधे तोडतं. दुखावलेलं अस्तर धोक्याचा इशारा म्हणून टीएसएलपी आणि इंटरल्यूकिन-३३ हे संदेशवाहक रेणू सोडतं. मग डेंड्रायटिक पेशी (शरीराच्या पहारेकरी पेशी) माइटच्या प्रथिनाचे तुकडे जवळच्या लसिका ग्रंथीत नेऊन कोऱ्या टी पेशींना, म्हणजे अजून कामाला न लागलेल्या रोगप्रतिकारक पेशींना, दाखवतात. तिथे इंटरल्यूकिन-४ हा आणखी एक संदेश असेल, तर त्या टी पेशी 'टीएच-२' प्रकारच्या मदतनीस पेशी होतात. मदतनीस पेशींचे टीएच-१ आणि टीएच-२ असे निदान दोन गट असतात, हे मोसमन आणि कॉफमन यांनी १९८६ मध्ये उंदरांच्या पेशींवर दाखवलं.

टीएच-२ पेशी स्वतः कोणाला मारत नाहीत, त्या हुकूम सोडतात. त्यांचं इंटरल्यूकिन-४ बी पेशींना (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना) आयजीई हे ॲलर्जीचं प्रतिपिंड बनवायला लावतं. (१९६६ मध्ये इशिझाका दांपत्याने ॲलर्जीच्या रुग्णांच्या रक्तात शोधलं ते हेच.) हे आयजीई मास्ट पेशींवर, म्हणजे अस्तरातल्या हिस्टामिन साठवणाऱ्या पेशींवर, आठवडेच्या आठवडे चिकटून राहतं. एवढी सगळी तयारी होते तेव्हा आपल्याला साधी शिंकही येत नाही, आणि शिकवताना मला दर वर्षी याचंच नवल वाटतं.

मग तुम्ही माळा झाडता. मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामिन सोडतात: शिंका, खाज, पाणी. इथे तुमची गोळी चालते. पण चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते. इंटरल्यूकिन-५ ने पोसलेल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी अस्तरात जमतात, इंटरल्यूकिन-१३ मुळे शेंबूड वाढतो, अस्तर सुजतं. तुमची संध्याकाळ ती हीच.

नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे इंटरल्यूकिनसारख्या या संदेशांचं उत्पादनच कमी करतो. म्हणून तो रोज मारावा लागतो आणि पूर्ण गुण यायला काही दिवस जातात. दोन दिवसांत सोडून देणारे मी खूप पाहिलेत, त्याचं वाईट वाटतं. इंटरल्यूकिन-४ आणि १३ या दोघांचाही संदेश अडवणारं डुपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०१७ मध्ये एक्झिमासाठी मंजूर झालं, पुढे दम्यासाठीही. पण ते महागडं आहे आणि तीव्र आजारासाठी आहे. तुम्हाला त्याची गरज असेल असं वाटत नाही.

साफसफाईच्या आठवडाभर आधी स्प्रे सुरू करावा का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. माळा झाडताना मास्क लावा. आणि रात्री छातीत घरघर होत असेल, तर नुसत्या गोळीवर निभावू नका, दम्याची तपासणी करून घ्या.