शिवोलीची प्यूजो: ४८ हजार नेमके कशाचे?

फोंड्याहून एका शिक्षकांचं पत्र आलं आहे. हायस्कूलला विज्ञान शिकवतात, वय ३९. हातात येणारा पगार ४६ हजार, घरखर्च ३२ हजारांच्या आसपास, एसआयपी ६ हजारांची. शिल्लक म्हणावी अशी एकच, ८० हजारांची एका वर्षाची एफडी, तिला पाच महिने झालेत. डॉक्टरांनी ‘साखर काठावर आहे’ म्हटल्यापासून सायकलचं मनात आहे. शिवोलीत एका घरी त्यांनी प्यूजो या फ्रेंच कंपनीची जुनी रेसिंग सायकल पाहिली. पांढरी फ्रेम, खाली वळलेलं हँडल, दहा गिअर. मालकाचे काका तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला, त्यांनी १९७२ साली मार्सेयला विकत घेऊन बोटीवरून आणली म्हणे. मागणी ४८ हजार. मालकाचं म्हणणं, फ्रेम रेनॉल्ड्स ५३१ या हलक्या पोलादी नळ्यांची आहे, व्हिंटेज आहे, दहा वर्षांत दुप्पट होईल. सरांचा प्रश्न: एफडी मोडून घेऊ का? व्यायामही होईल आणि गुंतवणूकही.

सर, सायकल जरूर घ्या. एफडी मोडू नका. आणि ही सायकल ४८ हजारांना तर मुळीच नको. आता कारणं सांगतो, कारण तुम्ही सोबत अकरा फोटो पाठवलेत आणि ते बघण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. (बायको म्हणाली, म्युच्युअल फंडाचे कागद तू कधी इतक्या प्रेमाने बघत नाहीस.)

प्यूजोच्या नावाला वजन आहे, हे खरंच. बर्नार तेवने यांनी १९७५ आणि १९७७ ची तूर द फ्रान्स जिंकली ती प्यूजोच्या संघातून. पण त्याच कंपनीने शर्यतीच्या सायकली बनवल्या आणि बाजारहाटाच्याही. पीएक्स-१० हे मॉडेल वरचं: रेनॉल्ड्सच्या हलक्या ५३१ नळ्या, वजन १० किलोच्या आसपास. यूओ-८ हे त्याचं गरीब भावंड: साधं पोलाद, वजन १३ किलोंच्या घरात. लांबून दोन्ही सारख्याच ऐटदार दिसतात. मालक तुमच्याकडे पहिल्याची किंमत मागतायत. तुमच्या फोटोंत मला दुसरी दिसते.

फोटो क्रमांक ४ मोठा करून बघा. सीटखालच्या नळीवर रेनॉल्ड्सचा स्टिकर आहे. नळीवर एक तिरका ओरखडा वरून येतो, स्टिकरच्या कडेपाशी थांबतो आणि स्टिकर संपल्यावर पुन्हा सुरू होतो. म्हणजे आधी ओरखडा, मग स्टिकर. असे स्टिकर आज छापून मिळतात. मालकांनीच तो लावला असं मी म्हणत नाही, मधल्या काळात सायकल कुणाकुणाच्या हातात होती ते कोण सांगणार. पण स्टिकरचा पुरावा बाद.

फोटो ७ मध्ये क्रँक, म्हणजे पायडल ज्याला लागतं तो हात आहे, आणि त्यात कॉटर पिन! आपल्या घरोघरच्या हर्क्युलसला असते तीच, हातोडीने ठोकून काढतात ती. पीएक्स-१० ला ॲल्युमिनियमचा, बिनकॉटरचा क्रँक असायचा. कॉटरवाला पोलादी क्रँक यूओ-८ च्या जातीचा. त्याच फोटोत मागे टायर दिसतो, त्यावर २७ गुणिले सव्वा असं इंचांत लिहिलंय. फ्रान्समध्ये विकायच्या रेसिंग सायकलींना ७००सी या मापाची चाकं असत. २७ इंची चाकं ब्रिटन-अमेरिकेला पाठवायच्या मालाला. मार्सेयच्या दुकानातली सायकल २७ इंची असेल तर गोष्टीत कुठेतरी एक वळण गाळलंय. काकांची गोष्ट घरात पन्नास वर्षं सांगितली गेली की ती थोडी मोठी होतेच.

मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, शिमानो कंपनीचा आहे आणि त्याच्या पाठीवर ‘एच ई’ अशी दोन अक्षरं कोरलेली आहेत. शिमानो पहिल्या अक्षरात वर्ष सांगायची, ए म्हणजे १९७६, आणि दुसऱ्यात महिना. म्हणजे हा डिरेलर मे १९८३ चा. तो नंतर बदललेला असू शकतो, सुट्या भागाची तारीख म्हणजे सायकलची जन्मतारीख नव्हे. पण ‘सगळं ओरिजिनल, १९७२ चं’ हे वाक्य तिथेच पडतं.

तरी फोटोवरून निकाल देणं मला आवडत नाही. तुम्ही विज्ञानाचे शिक्षक, हे तुमचं भाग्य. शाळेच्या प्रयोगशाळेतून एक लोहचुंबक आणि व्हर्नियर कॅलिपर रविवारी बरोबर न्या. चुंबक रिमला आणि क्रँकला लावा: चिकटला तर पोलाद, सुटला तर ॲल्युमिनियम. मग सीटचा दांडा बाहेर काढून त्याचा व्यास मोजा. चांगल्या नळीची भिंत पातळ असते, त्यामुळे आतला दांडा जाड बसतो. पीएक्स-१० ला २६.४ मिलिमीटरचा लागतो. साध्या पोलादाच्या फ्रेमला २५ किंवा त्याहून कमी. स्टिकर बदलता येतो, नळीचं भोक बदलत नाही. प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा असेल तर सायकल टांगून वजनही घ्या.

दांडा निघालाच नाही तर? शिवोलीची हवा खारी आणि दरवर्षी चार महिने पाऊस. पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षं न हलवता राहिला की दोन्ही एकमेकांना धरून बसतात. तसं असेल तर मोजमाप सोडा, सायकल बाजूला ठेवा आणि चहा पिऊन परत या. असा दांडा सोडवताना फ्रेम जाऊ शकते. दांडा निघाला तर त्याच भोकात टॉर्च मारून तळाला गंज किती साठलाय तेही बघा, पाणी तिथेच मुरतं.

आता पैशांकडे येतो. सायकल चालती करायला काय लागेल ते मी म्हापशाच्या एका मेस्त्रीला फोटो दाखवून विचारलं. टायर-ट्यूब ३,५००, चेन आणि फ्रीव्हील २,५००, ब्रेकची रबरं आणि वायरी १,५००, छर्रे-ग्रीस-मजुरी २,५००, आणि सीट फाटलेली आहे म्हणून २,०००. झाले १२ हजार. यातही टायर सहज मिळेल असं धरलंय. दुकानदार तुम्हाला आपला नेहमीचा २८ इंची देऊ करेल, पण तो ६३५ मिलिमीटरच्या रिमचा असतो आणि तुमची २७ इंची रिम ६३० ची. पाच मिलिमीटरने घोळ होतो. फ्रेंच सायकलींच्या आट्यांचा आणखी वेगळा ताप. पायडलचे आटे १४ मिलिमीटरचे, आपल्याकडचं पायडल त्याहून किंचित जाड. ‘बसेल, बसेल’ म्हणत पाना फिरवला की क्रँक कामातून गेला.

तेव्हा घरी येईपर्यंत ही सायकल ६० हजारांची. आता ‘दुप्पट होईल’ हे तपासू. ६० हजार ७ टक्क्यांनी दहा वर्षं ठेवले तर साधारण १ लाख १८ हजार होतात. म्हणजे दहा वर्षांनी फोंड्यात किंवा म्हापशात एका माणसाने या यूओ-८ साठी तेवढे पैसे मोजले तर तुमची फक्त बरोबरी होईल, आणि ती सायकल दहा पावसाळे न वापरता जपलेली असायला हवी. मग व्यायामाचं काय? युरोप-अमेरिकेत जुन्या रेसिंग सायकलींचे शौकीन आहेत, पण ते पीएक्स-१० शोधतात, आणि तिथवर सायकल पाठवायचा खर्च विकणाऱ्याच्या माथी. गोव्यात जुनी सायकल कोण घेतो? ज्याला चालवायची आहे तो. तो चालण्याचे पैसे देतो, इतिहासाचे नाही.

मीही एकदा असाच फसलोय. ९ हजारांना व्हॉल्व्हचा एक जुना रेडिओ घेतला, ‘चढणार’ म्हणून. चार वर्षांनी ४ हजारांना गेला, तोही रिबंदरच्या एका मित्राने माझ्यावर उपकार म्हणून घेतला. करसल्लागार मित्र वर हसून म्हणाला, ही वैयक्तिक वापराची वस्तू, भांडवली मालमत्तेत धरत नाहीत, त्यामुळे नफ्यावर कर नाही आणि तोटा वजा करायलाही मिळत नाही. सायकलला हेच लागू.

एफडी मोडण्याचं नुकसान तसं किरकोळ आहे. पाच महिन्यांच्या मुदतीचा दर, त्यातून दंड वजा, म्हणजे हजारभर रुपये कमी मिळतील. मला भीती वेगळी आहे. ८० हजार म्हणजे तुमच्या घराचा अडीच महिन्यांचा खर्च, आणि याच पत्रात खाली तुम्ही लिहिलंय की यंदा पावसाआधी मागच्या पडवीची कौलं उतरवून वासे बदलायचेत. त्यानंतर गणपतीची चवथ. पैसे एकदाच आहेत आणि त्यांच्याकडे बघणारे तिघे आहेत.

पर्वरीच्या दुकानात तुम्ही नवी ॲल्युमिनियमची साधी रोड सायकल विचारून आलात, ३५ हजारांच्या आसपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा सांगितलेला भाव नवा की जुना ते एकदा विचारा. हाच आकडा मोजपट्टी धरा. ३५ मधून डागडुजीचे १२ गेले, राहिले २३. जुनी वस्तू, वॉरंटी नाही, भाग मिळायची मारामार, म्हणून त्याचं निम्मं. मी या प्यूजोचे ११-१२ हजार देईन, तेही दांडा निघाला आणि फ्रेमला तडा नसला तर. ते पैसे एफडीतून नकोत. महिन्याला तुमचे ८ हजार हाती राहतात. तीन महिने ते वेगळ्या खात्यात टाका, २४ होतील. सायकल आणि डागडुजी त्यात बसते. मालक १२ ला तयार नसतील तर आणखी दोन महिने थांबा आणि नवी घ्या. तीन महिन्यांत ही सायकल दुसरं कुणी ४८ हजारांना नेईल असं मला वाटत नाही.

आणि एक, पैशांपलीकडचं. जुन्या फ्रेंच सायकलचे गिअर सपाटीचे असतात. बाणस्तारीचा पूल ओलांडून जुने गोवे, तिथून फेरीबोटीने दिवाडी, असा रविवारचा बेत तुम्ही लिहिलाय तो जमेल. फोंड्याचे चढ मात्र ३९ व्या वर्षी, काठावरच्या साखरेसह, गुडघ्याला विचारून चढा. पर्वरीची सायकल एकदा चालवून बघा, मग ठरवा.

रविवारी मोजमाप झालं की आकडा कळवा. २५ च्या आत निघाला तर वरचा हिशेब कायम. २६.४ निघाला, तर कॉटरचा क्रँक कुणीतरी नंतर बसवलाय असं समजून मला माझी संध्याकाळ पुन्हा घालवावी लागेल. मालकांना मात्र तो आकडा सांगायची घाई करू नका.