वाचकांचे प्रश्न : विंडोजऐवजी तिच्यासारखी दुसरी सिस्टिम चालेल?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. जकार्ड डिझाइनचा प्रोग्रॅम फक्त विंडोज एक्सपीवर चालतो, त्याचं डोंगल (परवान्याची किल्ली, ती जोडल्याशिवाय प्रोग्रॅम चालत नाही) प्रिंटरच्या जुन्या रुंद पॅरलल पोर्टला लागतं. पीसीचा मदरबोर्ड गेला. नव्या पीसीवर मोफत मिळणारी, विंडोजचेच प्रोग्रॅम चालावेत म्हणून बनवलेली रिॲक्टओएस ही सिस्टिम टाकली तर चालेल का?
– एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : रोजचं काम तिच्यावर सोपवू नका. रिॲक्टओएसची सुरुवात १९९६ सालची, पण ती अजून अल्फा, म्हणजे कच्च्या चाचणीच्या अवस्थेतच आहे. अडचण बारकाव्यांची असते. फाइल सापडली नाही तर विंडोज एरर २ देते, फोल्डरच नसेल तर ३. ‘३ आला की फोल्डर तयार कर’ असं लिहिलेल्या प्रोग्रॅमला दुसऱ्या सिस्टिमने २ दिला, की गाडी तिथेच अडते. असे बारकावे अगणित, आणि त्यातले कित्येक मॅन्युअलमध्येही नसतात.

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइन या सॉफ्टवेअरने प्रोग्रॅम कदाचित उघडेलही. पण डोंगलचा ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात चालणारा असतो, वाइनचा भर प्रोग्रॅमवर. बाजारातली यूएसबी-पॅरलल केबलही घेऊ नका, ती प्रिंटरपुरतीच. जुनी डोंगल बहुधा ३७८ हेक्स या पत्त्यावरच पोर्ट शोधतात; नव्या पीसीत बसवलेल्या पॅरलल पोर्टच्या कार्डावर तो पत्ता वेगळा पडतो.

त्यापेक्षा पॅरलल पोर्ट असलेला जुना मदरबोर्ड शोधा. आधी हार्डडिस्कची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) काढून ठेवा, मगच ती जोडा. सुरू होतानाच ७बी क्रमांकाची निळी स्क्रीन आली तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे हार्डडिस्क जोडण्याची पद्धत, एएचसीआयवरून आयडीईवर करा. एक्सपी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकते. इंटरनेट जोडू नका. एक्सपीचे सुरक्षा अपडेट २०१४ मध्येच थांबले.

प्रश्न : आम्ही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. प्रोजेक्ट म्हणून अशीच सिस्टिम बनवावी का?

उत्तर : अख्खी नको, एका वर्षात बूटलोडरच्या (पीसी सुरू होताना सिस्टिम लोड करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) पुढे जाणं कठीण. वाइनमधलं एखादं अपुरं फंक्शन निवडा. आधी खऱ्या विंडोजवर चाचणी लिहा: चुकीचं, रिकामं, फार लांब इनपुट दिल्यावर काय परत येतं ते नोंदवा. मग त्याबरहुकूम कोड लिहा. मायक्रोसॉफ्टचा फुटलेला सोर्स कोड मात्र उघडूनही पाहू नका. तो पाहिलेल्यांचं काम असे प्रकल्प घेत नाहीत.